पावणेतीन मण

संक्रांत करून गावाहून परतलेल्या म्हस्कू गाडीवानानं निरोप सांगितला तो उभ्या उभ्याच, कासरा हातात धरून, ऊस तोलायच्या काट्याच्या खोपटाच्या खिडकीत तोंड घालून. "मोहनराव, कळसला तुमच्या आक्का भेटल्या व्हत्या. म्हनल्या, माझा भाऊ मोठा झाला आता, म्हनावं." म्हस्कू पुढं आणखी काही बोलणार होता, पण मागच्या गाडीवाल्यानं आरडाओरडा केला, बैलं बिचकली, आणि गाडी काट्यावरून खाली उतरली ती थेट ऊस टाकायच्या गव्हाणीकडे गेली. मोहनरावांनी दांडीवरचं वजन सरकवलं, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि पुढच्या गाडीला "घे रे" म्हटलं. सगळं रोजच्यासारखंच. पण तो आकडा त्यांनी दोनदा लिहिला, आणि दुसऱ्यांदा चुकीचा लिहिला. बावीस वर्षं बारामतीत गुळाच्या अडतीवर आणि आता दोन हंगाम माळेगावच्या कारखान्यात ऊस तोलणाऱ्या माणसाच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

मोठा झाला. आता हा शब्द तसा साधा. आई म्हणते तेव्हा त्यात कौतुक असतं, भावकी म्हणते तेव्हा त्यात मिरची असते, आणि बहीण म्हणते तेव्हा? पाच वर्षं भाऊबिजेला तोंड न दाखवलेल्या भावाबद्दल बहीण म्हणते, तेव्हा काय असतं ते समजायला काही शाळा लागत नाही. मोठा झाला, खुर्चीवर बसला, आमचं शेणानं सारवलेलं घर त्याला कशाला पाहिजे. दगडाक्का असं बोलेल? दगडाक्का कधी कुणाला टोचून बोलली नव्हती. तिच्या आधीची तीन पोरं गेली म्हणून आईबापानं तिचं नाव दगडाबाई ठेवलं. दगडाला कोण नेतो, असा हिशेब. ती जगली, आणि तिच्या पाठीवर आठ वर्षांनी मोहन. आणि मोहनला आईनं पाहिलं असेल नसेल, वाढला तो आक्काच्याच कडेवर. अशी बहीण टोचून बोलायला लागली म्हणजे काटा किती खोल रुतला असेल! मोहनराव दिवसभर गाड्या तोलत होते आणि मनातल्या मनात तो शब्द उलटापालटा करून बघत होते. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, ऊस टाकून आल्यावर रिकाम्या गाडीचं घ्यायचं, ते वजा करायचं, उरला तो ऊस. दोन्ही वेळा गाडीवानानं खाली उतरायचं, हा मोहनरावांचा कडक नियम. शब्दाचं मात्र तसं करता येईना. त्यातून काय वजा करावं आणि काय उरवावं, काही केल्या जमेना.

खरं कारण आक्काला कुठं ठाऊक होतं? ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बायकोलाही नाही. दरसाल दिवाळीत मोहनराव कुणाच्या तरी हाती लुगडं पाठवत आणि निरोप देत: अडतीवर गूळ आलाय, हंगाम तोंडावर आलाय, रजा नाही. खरं कारण एक पाट होतं. बसायचा, साधा, आंब्याच्या लाकडाचा पाट. पाच वर्षांपूर्वीच्या भाऊबिजेला कळसला गेले, आक्कानं भोवती रांगोळी घातली, आणि मोहनराव त्या पाटावर बसले. बसले म्हणजे काय, भिंतीला हात टेकून, एक गुडघा आधी, मग दुसरा, मग सगळं अंग एकदम सोडून दिलं. पाट करकरला. आक्कानं ओवाळलं, डोक्यावर तांदूळ टाकले, त्यांनी ताटात ओवाळणी घातली. इथवर ठीक. उठायची वेळ आली आणि पाय उठेनात. मांड्या बधिर, पोट आडवं. एक हात भुईला, दुसरा हवेत. थोरला भाचा धावला, धाकटा धावला, दोघांनी दोन बगलांतून ओढलं, तेवढ्यात पाट कलला, ताट लवंडलं आणि निरांजनातलं तूप आक्काच्या नव्या लुगड्यावर सांडलं. सून पदर तोंडात कोंबून आत पळाली. आक्का तिच्यावर खेकसली, "दात काढायला काय झालं गं?" आणि त्या खेकसण्यानंच सगळं जास्त झालं. बाहेर बैलगाडीत चढताना आतून हसण्याचा आवाज आला. कदाचित दुसऱ्याच कशाला हसत असतील, लेकराबाळांचं घर. पण मोहनरावांच्या कानात ते हसणं घर करून राहिलं.

निरोप आला त्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काट्यावर कुणी नव्हतं. म्हस्कू तेवढा, निरोपाचं विसरूनही गेलेला, गाडीच्या सावलीत भाकरी खाऊन तंबाखू मळत बसला होता. मोहनरावांनी त्याला हाक मारली, दांडी कशी बघायची ते दाखवलं, आणि स्वतः जाऊन काट्याच्या फळ्यांवर मधोमध उभे राहिले. एवढ्या मोठ्या फळ्यांवर, जिथं बैलं आणि चाकं उभी राहतात, तिथं एकटा माणूस. उन्हात उभं राहून त्यांना आपलं भलतंच काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटलं. माणूस तोलायला हा काटा केलेला नव्हता. पाच शेराच्या आतलं त्याला समजत नसे. म्हस्कूनं वजन मागं-पुढं केलं, डोळे बारीक केले. "पावणेतीन मण," तो ओरडला. आणि मग अगदी भाबडेपणानं त्यानं विचारलं, "वजा काय धरू, राव?" त्याला बिचाऱ्याला वाटलं, काटा म्हणजे वजा असणारच. मोहनराव हसले. हसता हसता त्यांना धाप लागली, आणि धाप लागल्यावर भीती वाटली.

बारामतीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पायाला बोटानं दाबून बघितलं. "घरात आणखी कोण जाड?" मोहनराव म्हणाले, वडील होते, आमचं घराणंच अंगानं जड. "भाऊ-बहीण?" एक बहीण, ती काटकी, मणभर भरली तरी पुष्कळ. "का बरं? एकाच आईची ना तुम्ही?" याचा विचार मोहनरावांनी जन्मात केला नव्हता. ती काटकी, आपण जाड; ती सावळी, आपण निमगोरे; असतं एकेकाचं. "ती करते काय दिवसभर?" रानात असते. पाणी आणते, खुरपते, शेरडं राखते, बाजार चालत करते. "आणि तुम्ही?" मोहनराव मनातल्या मनात मोजायला लागले. गुळाच्या अडतीवर बावीस वर्षं गादी, आता खुर्ची. जायला टांगा, यायला टांगा. तोलताना गुळाचा खडा तोंडात, तो सोडला तर बाकी सगळं दुसरेच उचलत. कारखान्यातला एक जण म्हणे, मारवाड्याचं पोट तुपाचं, बामणाचं भाताचं, मराठ्याचं मटणाचं. ते त्यांनी डॉक्टरांना गमतीनं सांगितलं. डॉक्टर हसले. "पोट जात विचारत नाही, मोहनराव. पोट एवढंच विचारतं, बसून किती असता? माझंच बघा," आणि त्यांनी स्वतःच्या सदऱ्याखालचं गाठोडं थोपटलं. "मीही बसूनच असतो. मी सांगू शकतो, करू शकत नाही. तुम्ही करा. रोज चाला. कारखान्यात जाता ते चालत जा, येताना चालत या. औषध नाही. गोड कमी." मोहनरावांनी विचारलं, चालून मला मांडी घालून बसता येईल? डॉक्टरांनी नळी गुंडाळता गुंडाळता वर बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. "दिवाळीपर्यंत चाललात तर येईल," ते म्हणाले.

आता चालायचं म्हणजे पाय उचलायचे आणि टाकायचे, यात अवघड ते काय? अवघड हे, की बारामती-माळेगाव रस्त्यावर मोहनरावांसारख्या माणसाला चालू कोण देतो? पहिल्या दिवशी घराबाहेर पडून दोनशे पावलं गेले नाहीत तोच टांगेवाला थांबला. "राव, रुसलात का?" त्याला घालवला तर मागून बैलगाडी. "बसा राव, गाडी रिकामीच हाय." तिला घालवली तर सायकलवरून उतरलेला कारखान्यातला फिटर, आपली सायकल देतो म्हणून हट्टाला पेटलेला, त्या सायकलीवर मोहनराव बसले असते तर सायकल उरली नसती, हे त्याला सांगायचं कसं? मग एक म्हातारा, पागोटं काढून हातात घेऊन, खालच्या आवाजात, "कोन गेलं, मोहनराव?" कारण पायात वहाणा घालून, मान खाली घालून, धापा टाकत असा पावणेतीन मणाचा माणूस निघालाय म्हणजे कुणाच्या तरी मयताचा निरोप असणार. संध्याकाळी घरी पोचले तर विजयमालाबाई, त्यांची बायको, उंबऱ्यात डोळे पुसत बसलेल्या. शेजारणीनं येऊन सांगितलं होतं, तुमच्या मालकांची नोकरी गेली, रस्त्यानं पायी हिंडतात. "अगं नोकरी हाय," ते म्हणाले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बारीक व्हायला." हे ऐकून तर बाईंनी डोक्यालाच हात लावला. "बारीक? अवो, लोक मला काय म्हणतील? हिनं नवऱ्याला उपाशी ठेवलं म्हणतील! तुमचं अंग म्हणजे माझ्या हाताचं कौतुक हाय, ते उतरवायला निघालात व्हय?" त्या खरोखरच दुखावल्या होत्या. मोहनरावांना त्या क्षणी बायकोचा इतका कळवळा आला की पाच वर्षं पोटात ठेवलेली पाटाची गोष्ट त्यांनी तिला सांगून टाकली. तूप सांडल्याचं, सुनेच्या पदराचं, सगळं. बाई ऐकत राहिल्या. हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मला पाच वर्षांत सांगू नाय वाटलं व्हय?"

तोड बाईंनीच काढली. रस्त्यावर कुणी विचारलं तर म्हणायचं, नवस आहे. चालायचा नवस. नवसाच्या माणसाला कुणी गाडीत घेत नाही, उलट जो तो बाजूला होतो. आणि तसंच झालं. टांगेवाला टांगा हळू करून हात जोडायला लागला, म्हातारा कोण गेलं विचारायचा थांबला. फक्त तिसऱ्या दिवशी म्हस्कूनं गाडीवरून खाली बघून विचारलं, "राव, नवस हाय म्हनता, आन् पायात वहाणा?" झालं! त्या दिवसापासून मोहनराव अनवाणी. पहिले दहा दिवस तळपायांची चाळण झाली. विजयमालाबाई रोज संध्याकाळी कढत पाण्यात मीठ टाकून त्यांचे पाय शेकायच्या आणि एकेक कुसळ सुईनं काढायच्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याचे तळपाय त्यांनी असे मांडीवर घेऊन कधी बघितले नव्हते. "लहान लेकरागत हायत," त्या एकदा म्हणाल्या. आणि ते खरं होतं. त्या तळव्यांना भुईची ओळखच नव्हती.

पुढं त्यांनी रस्ता सोडला आणि कालव्याच्या कडेची पायवाट धरली. तिथं त्यांच्याशी बोलायला फक्त त्यांचा श्वास होता. आधी तो फार मोठ्यानं बोलायचा. मांडीला मांडी घासून आग व्हायची, सदरा पाठीला चिकटायचा, कानात ढब ढब व्हायचं. आपल्याला एवढं अंग आहे हे मोहनरावांना शेहेचाळीसाव्या वर्षी प्रथम कळत होतं. इतकी वर्षं ते अंगाच्या वरच्या मजल्यावर राहत होते, डोळे आणि उजवा हात एवढंच काय ते आपलं. खाली काय चाललंय याची चौकशीच नव्हती. कालव्याच्या कडेनं ते माणसं बघत चालायचे. दगड फोडणाऱ्या वडाराच्या बाया, डोक्यावर पाटी, मान ताठ, पाठीवर मूठभर मांस नाही. मेंढरांमागं जाणारा धनगर, खांद्यावर घोंगडी, पोटऱ्या दोरखंडासारख्या पीळदार. नगरकडनं ऊस तोडायला आलेली जोडपी. कारखान्यातला मद्राशी केमिस्ट, तिन्ही त्रिकाळ भात खाणारा, पण संध्याकाळी जाळीवरून ते पिसांचं फूल मारत घाम गाळणारा, तो सडपातळ. आणि पेठेतला कापडवाला शेठ, गादीवर लोडाला टेकलेला, मोहनरावांचा सख्खा भाऊ शोभावा असा. कुणी काय खातो यापेक्षा कोण कुठं बसलेलं आहे एवढंच मोहनराव बघायला लागले. आणि प्रत्येक वेळी शेवटी आक्का यायची. आक्का कुठं बसलेली? खूप आठवून बघितलं. आक्का बसलेली आठवेचना.

एक सोडून. इंदापूरला शिकायला होते तेव्हाची ती आठवण. आई नव्हती, वडील शेतात. मोहन एका गुरुजींच्या पडवीत राहायचा. आक्काचं लग्न होऊन ती कळसला नांदत होती. आठवड्याच्या बाजाराला सासूची मिनतवारी करून, बाजारकरणींच्या संगतीनं, पाच-सहा कोस चालत ती इंदापूरला यायची. फडक्यात बांधलेल्या भाकरी, लोण्याचा गोळा, कधी पुरणाची एखादी पोळी. मोहन खायचा आणि ती समोर बसायची, तेवढीच काय ती बसायची. "तू खा की आक्का." "म्या खाऊन आले." पोळीचा एक अर्धा तुकडा उरला की तो म्हणायचा, अर्धी तू, ती म्हणायची, माझं पोट टच्च भरलंय, दाबून बघ. मोहननं कधी दाबून बघितलं नाही. तेरा वर्षांच्या पोराला काय, पोळी गोड लागत होती. आता, कालव्याच्या कडेनं अनवाणी चालताना, चैत्राच्या उन्हात, एकदम त्यांच्या लक्षात आलं की सासुरवाशिणीला सासूच्या घरून निघताना पोटभर खायला कोण घालणार होतं? ती उपाशी यायची आणि उपाशी जायची. सहा कोस यायला, सहा कोस जायला. मोहनराव तिथंच बाभळीच्या बुंध्याला धरून उभे राहिले आणि हुंदके देऊन रडले. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायांनी बघितलं असेल तर बघू दे, नवस आहे म्हणतील. वजा काय धरू, म्हस्कूनं विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांना आत्ता मिळालं होतं. या पावणेतीन मणात निम्मी आक्काच होती.

त्या दिवसापासून बारीक होणं वगैरे मागं पडलं. एकच गोष्ट उरली. भाऊबिजेला आक्काच्या दारात चालत जायचं, तिच्या पाटावर मांडी घालून बसायचं, आणि कुणाचा हात न धरता उठायचं. मोठा झालेला नाही, तुझाच आहे, हे दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगायचं त्यांना सुचत नव्हतं. घरात दार लोटून रोज सकाळी पाटावर बसायचा सराव सुरू झाला. आधी विजयमालाबाई दोन्ही हातांनी ओढायच्या आणि दोघंही हेलपाटायची. आषाढात एक हात पुरायला लागला. पावसानं कालव्याची वाट चिखलाची झाली तरी चालणं सुटलं नाही; घसरून दोनदा पडले, आणि पडल्यावर स्वतःचे स्वतः उठले, याचाच त्यांना केवढा आनंद झाला. गौरी-गणपतीत बाई म्हणाल्या, "आता हात न्हाई, नुसतं बोट धरा." मोहनराव बायकोचं बोट धरून उठायला लागले. आणि नवरात्रातल्या एका सकाळी त्यांनी हात पुढं केला, तर बाईंनी आपला हात पाठीमागं लपवला. "उठा," त्या म्हणाल्या. मोहनराव भुईला एक हात टेकून, जरा डुलून, उठले. बाई चुलीकडं गेल्या आणि उगीचच फुंकर मारत बसल्या, चूल चांगली पेटलेली असताना. हंगाम सुरू व्हायच्या आधी काट्याची तपासणी झाली, तेव्हा मोहनराव पुन्हा एकदा फळ्यांवर उभे राहिले. अडीच मण. नऊ-दहा महिन्यांत दहा शेर. फार नव्हे. अजूनही रस्त्यानं चालले तर लोक वळून बघतील इतके ते होतेच.

भाऊबिजेला विजयमालाबाईंचा स्वतःचा भाऊ यायचा होता, म्हणून मोहनराव एकटेच निघाले. फाट्यापर्यंत एस.टी. आणि पुढं आक्काच्या वस्तीपर्यंत दोन कोस पायी. वाटेत दोन गाड्या थांबल्या, दोघांनाही त्यांनी हात जोडले. हातात लुगड्याची पिशवी, पायात वहाणा नाहीत. आता त्या त्यांना नकोशाच झाल्या होत्या. आक्का रागावलेली असेल तर? चांगली बोलली तर बरं, पण परक्यासारखी चांगली बोलली तर? या राव, बसा राव, असं म्हणाली तर? वस्ती दिसली. दारात कुणीतरी काटकी बाई उन्हाला हाताची झापड करून उभी होती. मोहनरावांना ओळखायला तिला वेळ लागला नाही. ती उंबरा उतरून धावत आली, पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरून म्हणाली, "अगं बया! किती वाळलास रं माझ्या वाघा! बायकू खायाला घालत न्हाय व्हय?"

मोहनरावांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. पाय धुवून ते सोप्यात आले. ज्या पाटासाठी वर्ष घातलं तो पाट त्यांनी नजरेनं शोधला. पाट कुठंच नव्हता. भिंतीला लागून, आधी जिथं धान्याची कणगी होती तिथं, एक कट्टा होता. गुडघ्याएवढा उंच, चांगला रुंद, शेणानं सारवलेला, कडेनं पांढऱ्या मातीचा पट्टा ओढलेला, वर घडी घालून वाकळ अंथरलेली. त्याच्या समोर रांगोळी. "बस," आक्का म्हणाली.

"ह्यो कवा घातला?"

"तू गेलास तवाच. लगीच दुसऱ्या म्हयन्यात. वडाराकडनं दगूड आणला, थोरल्यानं माती कालवली. दर दिवाळीला सारवते. कुनाला बसू देत न्हाय. मागं पाटील आलं व्हतं, त्यास्नीबी म्हनलं, तात्या, तुमी खाली बसा, ती जागा माझ्या भावाची हाय."

"आक्का, मला कळवायचं तरी."

"आदी म्हनलं, भावाला काय सांगून बोलवायचं? यील तवा बघंल. पर तू काय येईना. मग संक्रांतीला त्या म्हस्कूला सांगितलं की! म्हनलं, माझा भाऊ मोठा झाला आता, पाटावर मावत न्हाय, त्याला बसायला म्या ऐसपैस कट्टा घातलाय म्हनावं, लाजू नगं, ये. सांगितलं न्हाय व्हय मुडद्यानं?"

"सांगितलं," मोहनराव म्हणाले. "निम्मं सांगितलं."

ते कट्ट्यावर बसले. मला आता पाटावर बसता येतं, बघ, हे त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, ते त्यांनी गिळून टाकलं. जवळजवळ सहा वर्षं जी जागा आपली वाट बघत बसली होती तिच्यावर ते सगळं अंग सोडून, पाय खाली मोकळे टाकून, पहिल्यांदाच न भिता बसले. कट्टा करकरला नाही. आक्काला उभ्यानं ओवाळायला उंची अगदी बरोबर होती. तिनं ती अंदाजानं मापली असणार, मनातल्या मनात, त्यांना तिथं बसवून. निरांजनाच्या उजेडात तिचे हात दिसले, नुसत्या शिरा. तिनं तांदूळ टाकले. "कसला रं नवस केला व्हतास? म्हस्कू म्हनत व्हता, तुमचा भाऊ अनवानी चालतुया. माझ्या काळजाचं पानी झालं. दुखणंबिखणं न्हाय न्हवं?"

"न्हाय गं. तुझ्या दारात चालत यायचा नवस."

"येडाच हायस," आक्का म्हणाली, आणि पदरानं आधी त्यांचे आणि मग आपले डोळे पुसले.

जेवायला तिनं ताट कट्ट्यावरच मांडलं, आपण मात्र चुलीपाशी जाऊन पोळ्या भाजू लागली. सोप्यातून सगळं दिसत होतं. मोहनरावांनी ताट उचललं, आत गेले, आणि चुलीसमोर भुईवर, तिच्या शेजारी, एक गुडघा मग दुसरा, मांडी घालून बसले. आक्का उलथनं हातात धरून बघतच राहिली. सून दारात उभी होती. ती हसली नाही, तिनं पटकन पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मोहनरावांनी ताटातली पोळी मधोमध मोडली आणि अर्धी आक्कापुढं धरली.

"म्या मागनं खाईन."

"दाबून बघू का पोट?"

आक्काचा हात थांबला. तिला इंदापूर आठवलं की नाही, कुणास ठाऊक, पण तिनं ती अर्धी पोळी घेतली, आणि भावाच्या देखत, त्याच्या शेजारी बसून, खाल्ली. सावकाश, एकेक घास. मोहनराव आपली खायची विसरून तिच्याकडे बघत होते. पोळी संपली तशी आक्का त्यांच्या दुमडलेल्या पायांकडे, मांड्यांवर टेकलेल्या पोटाकडे बघू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी पसरली.

"बसलास खरा," ती हळूच म्हणाली, सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "उठाय यील का रं तुला?"

"न्हाय आलं," मोहनराव म्हणाले, "तर राहीन हितंच."